वाटीला हात लावून बघा

माझी लेक दोन्ही हातांना सहा-सहा बोटं घेऊन जन्माला आली. साल २०११, फेब्रुवारी महिना, बागेत द्राक्षाची तोडणी चाललेली. माझ्या आईनं बोटं मोजली आणि दवाखान्यातच पेढे वाटले. जास्तीचं बोट शुभ, असं आमच्याकडं मानतात. नखांकडं मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. ती तांदळाच्या कणीएवढी होती, दोन-तीन बोटांवर तर नुसती खूण. हातपाय आखूड वाटत होते, पण तान्ह्या बाळाचे हातपाय कोण मोजतं?

आज ती नववीत आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या जागेवर आहेत. त्या जागेवर आणायला आम्हाला सात वर्षं लागली आणि त्यातली चार वर्षं एका वाक्यानं खाल्ली. ‘वाढेल तशी नीट होईल.’ हे वाक्य मी शेजाऱ्यांकडून ऐकलं, पाहुण्यांकडून ऐकलं, शाळेत ऐकलं आणि दवाखान्यातही ऐकलं. सगळ्यांनी मायेनंच म्हटलं. तासगाव तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार आज लिहायला बसलाय तो या एका वाक्यासाठी. हाडांच्या वाढीचा जन्मजात आजार असलेल्या मुलाच्या बाबतीत हे वाक्य सपशेल चुकीचं आहे आणि त्याची किंमत मुलाचे गुडघे मोजतात.

लेक दीड वर्षाची असताना मिरजेतल्या एका बालरोगतज्ज्ञांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग हात उलटा करून नखं पाहिली. बोटं मोजली, हिरड्या पाहिल्या. शेवटी विचारलं, ‘लग्न नात्यातलं का?’ बायकोनं मान खाली घातली. ती माझ्या मामाची मुलगी, माहेर सातारा जिल्ह्यातलं, वडूजजवळचं. सांगली-साताऱ्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क समजतात आणि ते आम्हाला कधी वावगं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं : एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड. एडिंबराचे एलिस आणि ॲमस्टरडॅमचे व्हॅन क्रेव्हेल्ड या दोन बालरोगतज्ज्ञांची परिषदेला जाताना रेल्वेच्या एकाच डब्यात गाठ पडली. बोलता बोलता कळलं की दोघांकडंही असे रुग्ण आहेत. मग १९४० साली दोघांनी मिळून आजार लिहून काढला. हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की आई आणि बाप दोघांकडूनही एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो, आणि असे दोघे एकत्र आले की दर बाळंतपणाला चारात एक धोका. नात्यात लग्न झालं की दोघांकडं तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. त्या रात्री माझी आई आणि मामा, दोघं भाऊ-बहीण, ओट्यावर बसून होते. मामा म्हणाले, ‘अक्का, सोयरीक आपणच जुळवली.’ त्यांना दोष द्यावा असं मला त्या दिवशीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मात्र गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या पोराची सोयरीक आत्याकडं ठरत होती, तेव्हा मी आधी दोघांना जनुकीय समुपदेशनाला घेऊन गेलो. घरात कुणी नको म्हणालं नाही.

या आजारात साधारण निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो. लेकीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा जवळजवळ नव्हताच. २०१४ साली राजीव गांधी जीवनदायी योजनेतून, जिला आता महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणतात, लेकीची शस्त्रक्रिया झाली. आमचा एक रुपयाही खर्च झाला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं सरकारी तपासणीबद्दल मागणी मांडणार आहे आणि ती मांडणारा माणूस याच व्यवस्थेचा ऋणी आहे.

हृदय सुधारलं, पोरगी धावायला लागली आणि पडायला लागली.

चार वर्षांची असताना ती दिवसातून आठ-दहा वेळा पडायची. ठेच नाही, अडखळणं नाही, चालता चालता पाय एकदम मोडल्यासारखा व्हायचा. गुडघ्याला गुडघा घासायचा, खालचे पाय बाहेर फाकलेले. आम्ही दाखवायला नेलं. एक्स-रे निघाला. त्यात वाटी दिसत नव्हती आणि आम्हाला सांगण्यात आलं, की या वयात वाटी दिसतच नाही, काळजी करू नका, वाढेल तशी नीट होईल. यातला पहिला भाग खरा आहे. जन्मताना वाटी कुर्चेची असते, तिच्यात हाड धरायला तिसरं ते सहावं वर्ष उजाडतं आणि तोवर एक्स-रेत ती उमटत नाही. पण दिसत नाही म्हणजे जागेवर आहे, असं होत नाही. सोनोग्राफीत ती दिसते. त्याहून सोपं म्हणजे हाताला लागते. त्या दिवशी गुडघ्याला कुणी हात लावला नाही. मीही लावला नाही.

मग घरच्यांनी हाडवैद्याकडं नेलं. त्यानं तेल लावून वाटी आत ढकलली. ती बसलीही. उठून दोन पावलं टाकली आणि परत बाहेर गेली. आई म्हणाली, ‘अगं, लहान हाय, मोठी झाली की बसंल.’

वाटी नेमकं काय काम करते, हे शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. माझ्या आजोबांच्या विहिरीवर मोट होती. तिचं चाक अजून आमच्या गोठ्यात पडून आहे. नाडा त्या चाकावरून जायचा म्हणून बैलांच्या ओढीनं पाणी वर यायचं. मांडीचा पुढचा स्नायू हे बैल, वाटी हे चाक, आणि नडगीला बांधलेली कंडरा हा नाडा. चाक मधोमध असेल तर ओढ सरळ लागते आणि पाय ताठ होतो. चाकच बाहेर सरकलं तर बैल कितीही ओढोत, ओढ तिरकी जाते. वाटी कायमची बाहेर राहिली, की पाय सरळ करायचा स्नायूच तो वाकवायला आणि बाहेर फिरवायला लागतो. मूल पडतं ते त्यामुळं. ते धांदरट नसतं.

आणि वाढ? वाटी मांडीच्या हाडाच्या ज्या खाचेत घसरते, ती खाच वाटीच्या दाबानं खोल होत जाते. वाटीच तिथं नसेल तर खाच सपाट राहते. बाहेरच्या बाजूचे पडदे आवळतात, स्नायू आखूड होतो. त्यात एलिस-व्हॅन क्रेव्हेल्डमध्ये नडगीच्या वरच्या टोकाची बाहेरची बाजू नीट वाढत नाही, म्हणून गुडघे आत झुकत राहतात आणि झुकलेला गुडघा वाटीला आणखी बाहेर ढकलतो. म्हणजे वाढीचं एकेक वर्ष बिघाडात भर घालत होतं आणि आम्ही वाढीची वाट बघत होतो.

आठव्या वर्षी पुण्यातल्या एका मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांचं नाव कळलं. तारीख मिळाली ऑगस्ट २०१९ची. त्या आठवड्यात कृष्णेला महापूर आला. सांगली पाण्यात, रस्ते बंद. आम्ही सप्टेंबरात गेलो. डॉक्टरांनी एक्स-रेची पिशवी बाजूला ठेवली. लेकीला टेबलाच्या काठावर पाय सोडून बसवलं, वाटीवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, ‘बाळा, पाय हळूहळू सरळ कर. आता हळूहळू वाकव.’ पाय वाकला तशी वाटी उंबरा ओलांडावा तशी टपकन बाहेर गेली. मला दिसली. आठ वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या पोरीच्या गुडघ्याकडं नीट बघितलं. सगळी तपासणी एका मिनिटाची होती आणि तिला लागलं होतं फक्त एक टेबल.

मी विचारलं, ‘वाढ पूर्ण झाल्यावर ऑपरेशन करायचं का?’ ते म्हणाले, ‘नाही. वाढ हेच तर माझं हत्यार आहे. ती संपली की ते हातातून जातं.’

हे वाक्य मला लगेच कळलं, कारण वेलीचा ओलांडा धरायचा तो काडी हिरवी असताना. लाकूड झाल्यावर वळवायला गेलात तर ती तडकते. फरक इतकाच, की आम्ही काडी सुतळीनं ओढून बांधतो, डॉक्टरांनी काहीच ओढलं नाही. हाडाच्या टोकाजवळ वाढीचा थर असतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आणि नडगीच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूनं, त्या थरावर पूल टाकल्यासारखी करंगळीच्या पेराएवढी प्लेट आणि दोन स्क्रू बसवले. आतली बाजू थांबली, बाहेरची वाढत राहिली आणि गुडघा आपला आपण सरळ होत गेला. हाड कुठंही कापलं नाही. शस्त्रक्रियेआधी हृदयाचा इको झाला. या मुलांची छाती अरुंद असते, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी वेगळा वेळ घेतला. हे सगळं नोव्हेंबरात, ऑक्टोबर छाटणीनंतर पंधरा दिवसांनी.

आधी गुडघा सरळ, मग वाटी, हा क्रम त्यांनी आम्हाला तीनदा सांगितला. वाकड्या गुडघ्यावर वाटी कितीही घट्ट बांधली तरी तीच तिरकी ओढ तिला परत बाहेर नेते.

प्लेट बसवली की दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, नाहीतर पाय उलट्या बाजूला वळायला लागतो. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. कोयना एक्स्प्रेस बंद, एसटी बंद, आणि तयार द्राक्षं वेलीवर. डॉक्टरांनी फोनवर एक गोष्ट शिकवली. पोरीला भिंतीशी उभं करायचं, गुडघे एकमेकांना टेकवायचे आणि दोन्ही घोट्यांमधलं अंतर टेपनं मोजायचं. दर महिन्याच्या पाच तारखेला मी मोजायचो आणि फोटो पाठवायचो. चौदा सेंटिमीटर, बारा, साडेदहा. बागेच्या फवारणीच्या वहीत मागच्या पानावर हे आकडे अजून आहेत. अशा मुलांची हाडं मुळातच सावकाश वाढतात, म्हणून वेळही जास्त लागला. २०२१च्या उन्हाळ्यात अंतर तीनवर आलं. तेव्हा वाटीची पाळी आली.

ही दुसरी शस्त्रक्रिया मोठी होती. वाटीच्या बाहेरच्या बाजूचे आवळलेले पडदे सैल केले. बाहेरच्या अंगाला चिकटून आखूड झालेला मांडीचा स्नायू सोडवून पुढं आणला. वाटीखालून नडगीला जाणाऱ्या कंडरेचा बाहेरचा अर्धा भाग सोडवला, आतल्या अर्ध्याखालून ओवला आणि आतल्या अंगाला शिवला. मांडीच्या मागची एक कंडरा घेऊन वाटीला आतून दावं बांधलं. मोठ्या माणसाच्या पायात नडगीवरचा हाडाचा तुकडाच कापून सरकवतात. वाढत्या मुलात ते करत नाहीत, कारण तिथंही वाढीचा थर असतो आणि त्याला धक्का लागला तर गुडघा मागच्या बाजूला वाकत जातो. म्हणून मुलांच्या गुडघ्याला मुलांचाच डॉक्टर हवा. हे मी आता प्रत्येक पालकाला सांगतो.

पहिल्यांदा उजवा, तीन महिन्यांनी डावा.

आणि इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय. शस्त्रक्रियेला काही तास लागले, पण गुडघा परत वाकायला पाच महिने लागले. सहा आठवड्यांनी आधार निघाला तेव्हा गुडघा लाकूड झाला होता. तिथून पुढं रोज दोन वेळा व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. पॅकिंग शेडमध्ये क्रेटवर क्रेट ठेवून ती पाय सोडून बसायची आणि टाच हळूहळू मागं न्यायची. रडायची. ती रडायला लागली की माझी आई उठून जायची आणि बायको तिथंच बसायची. फिजिओथेरपिस्ट आमच्या गावापासून बावीस किलोमीटरवर. आम्ही गाडीनं नेऊ शकलो. आमच्या बागेत छाटणीला येणाऱ्या मजुराचं पोर असतं तर? त्याची शस्त्रक्रिया योजनेतून झालीही असती, पण पाच महिने रोजचा खाडा करून त्याला व्यायामाला कुणी नेलं असतं? व्यायाम नसेल तर शस्त्रक्रिया निम्मी वाया जाते. शस्त्रक्रियेला पैसे देणारी योजना आणि व्यायाम करून घेणारा माणूस, या दोन गोष्टी एकाच कागदावर असल्या पाहिजेत. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसला तरी पुष्कळ होईल.

सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. २०२३मध्ये डावा गुडघा परत आत झुकायला लागला. या आजारात तसं होतं, आम्हाला आधी सांगितलेलं होतं. त्या बाजूला पुन्हा प्लेट बसली, ती अजून आत आहे. तिला पूर्ण उकिडवं बसता येत नाही. पंगतीत तिच्यासाठी खुर्ची लागते. पण वाटी एकदाही बाहेर गेलेली नाही. ती शाळेचा जिना कठडा न धरता चढते. एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना थांबते, बघते आणि चढते.

प्रत्येक सरकणाऱ्या वाटीला चाकू लावा, असंही माझं म्हणणं नाही. खेळताना एकदा वाटी सरकलेल्या धडधाकट मुलाला आधी पट्टा आणि व्यायामच देतात. हाडांचे आजार असलेल्या काही मुलांचं वाटी थोडी बाजूला असूनही बरं चालतं, त्यांना छेडायची गरज नसते. हे ठरवणं डॉक्टरांचं काम. पण ठरवायला आधी कुणाला तरी ती दिसली पाहिजे ना!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांमधले तीस प्रकारचे आजार शोधायचे असतात. त्या यादीत वाकडं पाऊल आहे, निखळलेला खुबा आहे, डाउन सिंड्रोम आहे. त्यामुळं किती तरी मुलांचे पाय वेळेत सरळ झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गुडघ्याची वाटी त्या यादीत नाही. माझ्या लेकीची वजन-उंची, दात, डोळे दरवर्षी तपासले गेले. पथकातल्या ताई मनापासून काम करणाऱ्या. त्यांना कुणी गुडघा बघायला सांगितलाच नव्हता.

सांगली आणि साताऱ्याच्या आरोग्य विभागांकडं मी एवढंच मागतो. उंचीला कमी असलेलं, नखं नीट नसलेलं, बोटं जास्तीची असलेलं, सांधे फार सैल असलेलं, डाउन सिंड्रोमचं किंवा नुसतंच सारखं पडणारं मूल दिसलं, की त्याला टेबलाच्या काठावर बसवा, वाटीवर अंगठा ठेवा आणि पाय वाकवायला सांगा. नखं आणि वाटी दोन्ही बिघडलेल्या मुलांचा एक वेगळा आजारही असतो. त्यात मूत्रपिंडाला आणि डोळ्यांनाही धोका असतो, म्हणजे अंगठ्याच्या त्या एका तपासणीतून लघवीची तपासणीही वेळेत होऊन जाईल. वाटी सरकताना दिसली तर मूल शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवा. असं केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असावं, हे याच कार्यक्रमाच्या आखणीत आहे. महिन्यातून एक दिवस मुलांच्या हाडांचे डॉक्टर तिथं बोलवा. मिरजेला १८९४ साली वान्लेस साहेबांनी दवाखाना काढला, तेव्हापासून लांबलांबची माणसं उपचाराला या मुलखात येतात. इथल्या मुलांसाठी महिन्याचा एक दिवस जड नाही.

मुलींच्या हाडांची वाढ साधारण चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमाराला थांबत येते, मुलांची दोनेक वर्षं उशिरा. आमचे चौथ्या ते आठव्या वर्षापर्यंतचे दिवस गेले. तेव्हाच प्लेट बसली असती तर खाच थोडी खोल झाली असती, स्नायू इतका आखूड झाला नसता, कदाचित तो पुढं आणायला मांडीवर वीतभर लांब चीर द्यावी लागली नसती. लेक ती चीर ओढणीनं झाकत नाही. मला मात्र ती बघितली की ती चार वर्षं आठवतात.

पुढच्या महिन्यात आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत पथक येणार आहे. मी मुख्याध्यापकांना आणि पथकाच्या डॉक्टरांना भेटून आलो. पहिली ते चौथीची मुलं, प्रत्येकी एक मिनिट, असं ठरलंय. शाळेत लहान मुलांचे पाय लोंबकळतील असं उंच टेबल नाही. पॅकिंग शेडमधलं वजनकाट्याचं टेबल त्या उंचीचं आहे, ते मी ट्रॉलीतून नेऊन ठेवणार आहे. पहिल्या पोराला बसवून कसं बघायचं ते लेक दाखवणार आहे.